गट दोन, नंबर चार

१

अॅनिमल हाउसला दोन दारं होती आणि दोन्ही एका वेळी उघडायची नाहीत असा नियम होता. पहिलं दार लावून घ्यायचं, मधल्या चिंचोळ्या जागेत कोट, टोपी, मास्क आणि निळे हातमोजे चढवायचे, मगच दुसरं दार. दिपिका घरत गेले साडेनऊ आठवडे रोज सकाळी साडेसातला हे करत होती. हात आपोआप चालायचे. डोकं मात्र घरी, बाबांच्या खाटेपाशी राहिलेलं असायचं.

पनवेलच्या बाहेर, गोवा हायवेवरून आत वळलं की लागणाऱ्या एका फार्मसी कॉलेजात ती संशोधन करत होती. विषय एका ओळीत सांगता येईल असा होता: साखरेने डोळ्याचा पडदा कसा खराब होतो आणि तो वाचवता येतो का. पांढऱ्या उंदरांचे तीन गट होते. पहिला गट निरोगी. दुसऱ्या गटाला इंजेक्शन देऊन मधुमेह करवला होता आणि त्यावर उपचार काही नाही. फक्त ते मरू नयेत म्हणून दिवसाआड दोन युनिट इन्सुलिन, अगदी जगण्यापुरतं. तिसऱ्या गटालाही मधुमेह होता, पण त्यांना एका सालीचा अर्क पाजला जायचा. बारा आठवडे संपले की दुसऱ्या गटाचे उंदीर गॅसच्या पेटीत मारून त्यांचे डोळे काढून तपासायचे होते. तिसऱ्याला आणखी महिनाभर ठेवायचं होतं.

मधुमेही उंदीर ओळखायला कार्ड वाचावं लागत नाही. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सकाळी रिकाम्या असतात आणि खालचा तूस चिंब ओला. आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत बहुतेकांच्या डोळ्यांत दुधाची साय धरावी तसा मोतीबिंदू धरला होता. पिंजऱ्याचं झाकण उघडलं की ते तोंड वर करायचे, पण तिच्याकडे नाही, आवाजाकडे.

त्या सोमवारी तिने नेहमीसारखं एकेकाला फडक्यात गुंडाळून शेपटीच्या टोकाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला, आकडा लिहिला. चारशे बत्तीस. चारशे साठ. चारशे अकरा. मग गट दोन, नंबर चार. शेपटीवर मार्करच्या चार रेघा. या एकाचा उजवा डोळा पूर्ण पांढरा झाला होता आणि डावा अजून स्वच्छ, लालसर. दोनशे सत्त्याऐंशी.

याचा आकडा पहिल्यापासून बाकीच्यांपेक्षा कमी यायचा. एखादा असतो तसा. तिने लिहिलं आणि हातमोजे काढून फोन बघितला. तिची आई भामाबाई रोज सकाळी बाबांची साखर तपासून यंत्राचा फोटो पाठवायची. भामाबाईंना टाइप करता येत नव्हतं, फोटो काढता यायचा. फोटोत त्यांचा अंगठा अर्धा आला होता. अंगठ्याच्या पलीकडे आकडा होता: २८७.

दिपिकाने फोन खिशात टाकला. योगायोग, तिने मनात म्हटलं, आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळली.

२

मंगळवारी दोनशे चौऱ्याण्णव आणि दोनशे चौऱ्याण्णव. बुधवारी तीनशे दोन आणि तीनशे दोन.

आता तिच्या डोक्यात संशयाची रांग लागली, आणि प्रत्येक संशय शहाणा होता. लॅबचं आणि घरचं यंत्र एकाच कंपनीचं होतं. घरचं तिनेच आणलं होतं. कदाचित दोन्ही बिघडली असतील. कदाचित आई जुन्याच आकड्याचा फोटो पाठवत असेल. तिने नव्या पट्ट्या उघडल्या, यंत्र बदललं, आईला फोटोत घड्याळ पण घ्यायला सांगितलं. गुरुवारी दोनशे एक्क्याण्णव. फोटोत घड्याळ होतं, अंगठा होता, आणि दोनशे एक्क्याण्णव.

तिने हे प्राचीला सांगितलं. प्राची तिच्याच वर्गातली, आता शेजारच्या टेबलावर मूत्रपिंडांवर काम करणारी.

"किती दिवस?" प्राचीने विचारलं.

"चार."

"चार दिवसांवर तू मला पेपर लिहू देशील का?"

"नाही."

"मग झालं. शिवाय तू सकाळी घरून निघतेस ती काकांच्या आकड्याची काळजी घेऊन. सुई टोचताना हात काय करतो देव जाणे. उंदीर सोड, तू झोप नीट घे."

दिपिकाला हे पटलं. तिला पटायलाच हवं होतं. कॉलेजात ती प्रसिद्ध होती ती अशाच गोष्टींसाठी. मागच्या वर्षी एका सिनियरने न जुळणारे दोन आकडे गाळून आलेख सरळ केला, तेव्हा तिने सरळ मार्गदर्शक शैलेश सरांकडे तक्रार नेली होती. सहा महिने तो मुलगा तिच्याशी बोलला नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. आकडा जसा येतो तसा लिहायचा. एवढंही ज्याला जमत नाही त्याने दुसरा धंदा बघावा, असं ती उघड म्हणायची.

३

तिचं गाव उरणच्या वाटेवर होतं. बाबा, म्हणजे आनंदा घरत, तरुणपणी मिठागरावर होते. जमिनी गेल्या, मिठागर बुजलं, मग द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात गेटवर बसायला लागले. दोन वर्षांपूर्वी ट्रकचे नंबर दिसेनासे झाले तेव्हा ते काम सुटलं. उजवा डोळा गेलाच. डाव्यात आत रक्त उतरलं होतं. पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: ते रक्त काढायची शस्त्रक्रिया या महिन्यात व्हायला हवी, नाहीतर पडदा ओढला जाईल आणि हाही डोळा जाईल. पण उपाशीपोटीची साखर एकशे ऐंशीच्या आत आल्याशिवाय त्या हात लावणार नव्हत्या. इन्सुलिन दोनदा वाढवून झालं होतं. आकडा जागचा हलत नव्हता.

"मिठानं डोले खाल्ले माजे," बाबा म्हणायचे. "ऐन दुपारच्या मिठाच्या राशी बगितल्यात मी. साखरंवर उगाच आल घेता तुमी."

रविवारी ती त्यांच्यासोबत गच्चीवर गेली. ही त्यांची रोजची परीक्षा होती. गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा, मुठीतून अंगठा वर काढावा तसा. ज्या दिवशी अंगठा दिसला तो दिवस बरा.

"दिसला?"

"धुकाट हाय." आभाळ लख्ख होतं. "आनि वर बगितला का रेगा."

"कसल्या रेघा? डॉक्टर म्हणाल्या ना, रक्ताच्या गुठळ्यांच्या सावल्या असतात. जाळं, धागे, माश्या..."

"जालं मना कलत नाय काय? जन्म गेला माजा खाडीत जाली टाकून. जालं वाकडं असतं. हे सरल हायेत. वर बगितला का आरपार, एकाला लागून एक. खिडकीला सली लावाव्यात तशा. खाली बगितला का नाय."

आई खालून ओरडली, "तिला सांगा ना त्या माकडहाडाचं."

"कायतरी बोलतं ती."

"रोज सकाली ओरडतात," आई जिन्यात येऊन म्हणाली. "नाश्त्याला बसले का माकडहाडाच्या खाली मुंगी चावते म्हनं. मी खाट झाडून काडली. मुंगी नाय न काय नाय. मी म्हनलं, तिथं काय शेपूट फुटतंय का तुमाला?"

बाबा हसले. दिपिकाही हसली. मग तिने विचारलं, "किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"मुंगी किती वाजता चावते?"

आईने बाबांकडे बघितलं. "साडेसात-पावनेआठ. का गो?"

४

सोमवारी दुपारी दोन वाजता आईचा फोन आला. शेजारच्या हळदीत बाबा वाटीभर तांदळाच्या शिरवळ्या नारळाच्या गोड रसात बुडवून खाऊन आले होते आणि आता तोंड वर करून झोपले होते.

"आत्ता तपास," दिपिका म्हणाली. "आकडा सांगू नकोस. कागदावर लिही आणि ठेव. मी सांगेन तेव्हा वाच."

तिने पळत जाऊन कोट चढवला. दुपारी कधी कोणी अॅनिमल हाउसमध्ये जात नसे. आत एअर कंडिशनरचा एकसुरी आवाज होता आणि तुसाचा, लघवीचा गोडसर वास. नंबर चार मागच्या कोपऱ्यात अंग टाकून पडला होता. तोंड वर. त्याच्यावर पिंजऱ्याचं झाकण होतं: सरळ, आरपार, एकाला एक लागून बसवलेल्या पोलादी सळ्या.

ती थोडा वेळ नुसती त्या झाकणाकडे बघत राहिली.

मग तिने थेंब घेतला. तीनशे चौसष्ट. तिने तो वहीत लिहिला, तारीख-वेळ घातली, सही केली, आणि आईला फोन लावला.

"वाच."

"तीन. सहा. चार," आई एकेक आकडा सुटा वाचत म्हणाली.

त्या संध्याकाळी दिपिका बसस्टॉपवर तीन बसगाड्या सोडून उभी राहिली. तिला भीती वाटत नव्हती. तिला राग येत होता. शिकलेल्या माणसाला काहीतरी कळत नाही तेव्हा येतो तसा. यंत्र बदललं, पट्ट्या बदलल्या, वेळ बदलली. उंदराने शिरवळ्या खाल्ल्या नव्हत्या. मग कोण कोणाच्या मागे चाललं होतं? बाबांची साखर चढली म्हणून त्याची चढली, की उलट? अशा प्रश्नाला एकच प्रामाणिक उत्तर असतं. एका बाजूला हात लावायचा आणि दुसऱ्या बाजूला काय होतं ते बघायचं.

तिला हे उत्तर सुचलं आणि लगेच घाम फुटला. कारण बाबांच्या बाजूला हात लावून झाला होता. दोनदा. इन्सुलिन वाढवूनही आकडा हलला नव्हता.

५

गट दोनला जगण्यापुरतं इन्सुलिन, एवढंच प्रोटोकॉलमध्ये होतं. तिथे तिचीच सही होती. मंगळवारी सकाळी तिने नंबर चारला दोनाऐवजी चार युनिट दिली आणि वहीत दोन लिहिलं.

लिहिताना पेन अडलं नाही. ते तिला नंतर फार लागलं.

उंदराला मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून उचलतात, मग पोटाकडे सुई देतात. तिने धरला तेव्हा तो धडपडला नाही. डावा डोळा तिच्याकडे होता. दुसरे सगळे आवाजाकडे बघायचे. हा बघत होता.

आठ वाजता आईचा फोन. "आज फोटो नंतर पाठवते. यांना कायतरी झालं. चहा पीत होते न् एकदम मान आखडली. म्हनतात, मागून मानगूट धरली कोनी. मी तर चुलीपाशी होते."

"आता कसे आहेत?"

"बरे हायेत. घाम आलाय जरा. भूक लागली म्हनतात."

पुढचे दिवसाआडचे डोसही तिने चारचेच दिले. बुधवारी फोटोत २१० होता. शुक्रवारी १७६. रविवारी १६८. डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट दाखवले तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आनंदराव, म्हणजे आता मनावर घेतलंत. मी मागच्या वेळेस रागावले ते बरंच झालं. गुरुवारी सकाळी दहा. उपाशी या."

बाबा इतके खूश झाले की जिना उतरताना तिच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि कठड्याला धरून एकटे उतरले. "आता बग," म्हणाले. "गेटवर नाय, पन घरी बसून पेपर वाचीन. तुजा फोटो येईल तो वाचीन."

दिपिकाने मान हलवली. तिच्या डोक्यात तोच गुरुवार वेगळ्या कारणाने होता. कॉलेजातल्या फळ्यावर तो तिनेच तीन महिन्यांपूर्वी लाल पेनाने लिहिला होता: गट दोन, बारा आठवडे पूर्ण. सकाळी दहा.

६

उंदीर माणसासारखा असतो म्हणून त्याच्यावर प्रयोग करायचा, आणि माणसासारखा नसतो म्हणून करता येतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हे वाक्य ऐटीत ऐकवायची. बुधवारी दुपारी ते तिला आठवलं आणि त्यातलं कुठलं अर्धं खरं हे तिला सांगता येईना.

शैलेश सरांना सांगायचं काय? सर भले होते. त्यांनी ऐकून घेतलं असतं, पाणी दिलं असतं आणि आठवडाभर सुट्टी दिली असती. गुरुवार मात्र गुरुवारीच झाला असता.

तिने साधा मार्ग काढला. तिसऱ्या गटातही एक नंबर चार होता, शेपटीवर चारच रेघा, वजन जवळपास तेवढंच. पिंजऱ्यांवर गटाची कार्डं. उंदरांवर फक्त रेघा. तिने दोघांना अदलाबदल करून ठेवलं. तिचा नंबर चार तिसऱ्या गटाच्या पिंजऱ्यात गेला, जिथे त्याला आणखी महिना होता. तोपर्यंत काहीतरी सुचेल. निदान कळेल.

दार लावताना तिच्या मनात आलं की दोन्ही गटांचे निकाल आता मातीत गेले. एका सिनियरने दोन आकडे गाळले होते. तिने तीन महिने गाळले.

बाहेर हरेश बसला होता, अॅनिमल हाउसचा अटेंडंट. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा, बावीस वर्षं याच कामात. "झालं मॅडम?" त्याने विचारलं. "उद्या तुम्ही नाही ना? वडिलांचं ऑपरेशन."

"हो. सर आणि प्राची करतील."

"निर्धास्त जा. मी एकदा सगळं बघून घेतो."

७

दहा वाजून पाच मिनिटांनी बाबांना आत नेलं. फक्त डोळा बधिर करणार होते, माणूस जागाच राहणार होता. आई बाकावर पदर तोंडाशी धरून बसली. दिपिका भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिली. त्या चित्रातल्या प्रत्येक भागाचं नाव तिला येत होतं.

दहा चाळीसला प्राचीचा मेसेज आला. "गट दोन झाला. सगळं नीट. काका?"

तिने फोन खिशात टाकला. अकराच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क खाली ओढत म्हणाल्या, "उत्तम. पडदा चांगला आहे, मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगला. मध्ये एकदा तुमच्या वडिलांनी घाबरवलं. दम कोंडतोय, दम कोंडतोय करायला लागले. तोंडावर कापड असतं ना, काहींना होतं तसं. ऑक्सिजन वाढवला, मिनिटभरात शांत झाले."

"किती वाजता?" दिपिकाने विचारलं.

"वेळ कशी सांगू? वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील."

दिपिकाने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि मग स्वतःवर चिडली. नंबर चार तर तिसऱ्या गटाच्या पिंजऱ्यात होता. पाणी पीत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. बाबांनी डोळा किलकिला केला. मग आईकडे बघून म्हणाले, "किती पिकलीस गो तू." आई रडायला लागली.

घरी आल्यावर ते थेट गच्चीत गेले. अंगठा दिसला. झाडं दिसली. रेघा गेल्या होत्या, एकही नव्हती. "फक्त पान्यातून बगितल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "न् झोंबतंय. नाकात पन झोंबतंय, कसलातरी वास."

टाक्यांमुळे असेल, सुजेमुळे असेल. डॉक्टर म्हणाल्याच होत्या.

८

शनिवारी ती कॉलेजात गेली ती सगळं कबूल करायच्या तयारीने. सरांच्या खोलीला कुलूप होतं. मग आधी अॅनिमल हाउस. हरेश दाराशीच भेटला.

"वडील कसे आहेत?"

"दिसायला लागलं त्यांना."

"छान झालं." तो घुटमळला. "मॅडम, एक सांगायचं होतं. सरांना बोललो नाही मी. बुधवारी तुमच्या हातून घोटाळा झाला होता. दोन नंबर चार एकमेकांच्या पिंजऱ्यात गेले होते. माणूस काळजीत असला की होतं. मी लगेच बरोबर करून ठेवले."

दिपिकाला आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "रेघा तर सारख्याच होत्या."

"रेघा काय बघायच्या? तोंडं ओळखतो मी. एकाचाच डावा डोळा शाबूत होता, कोणीही ओळखेल. गुरुवारी तोच गेला, बरोबर गेला. तुमचा डेटा वाचला."

ती भिंतीला टेकली. आणि मग, हळूहळू, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं. तो मेला होता. दोन दिवसांपूर्वीच मेला होता, आणि बाबा घरी बसून पेपरचे मथळे मोठ्याने वाचत होते. म्हणजे काहीच नव्हतं. आकडे जुळले होते, बस्स. सळ्या, मुंगी, मानगूट, सगळं तिने स्वतःच विणलं होतं. तिला हसू आलं. लाजही वाटली. एका भ्रमापायी ती खोटं लिहून बसली होती, आणि हरेशच्या नीटनेटकेपणाने निम्मं तरी वाचलं होतं.

ती लॅबमध्ये गेली. टेबलावर ट्रे तयार होता. त्यात छोट्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत फॉर्मॅलिन आणि मटाराच्या दाण्याएवढा एकेक डोळा. प्राची लेबलं तपासत होती.

"आलीस? बरं झालं. हे खारघरच्या लॅबला जायचेत. मेणात बसवून काप काढायला घेतील आजच. माणूस खाली गाडी लावून उभा आहे, दहा मिनिटं दे म्हटलंय."

दिपिकाचा फोन वाजला. बाबांचा होता. त्यांनी स्वतः नंबर बघून लावलेला दोन वर्षांतला पहिला फोन. तिने स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आणि मास्क, निळे हातमोजे चढवले.

"दिपे, कुठं हायस?"

"लॅबमध्ये. तुमी?"

"गच्चीवर. तुजी आय पापड घालतं, मी राखन करतंय. कावला लांबूनच दिसला मना. त्या नव्या टॉवरचे मजले मोजले, बावीस हायेत. पलीकडे बांधावर कोनाची तरी म्हैस हाय..."

प्राची ऐकून हसली. दिपिकाही हसली. बोलता बोलता तिने ट्रेमधून एक बाटली उचलली. लेबलवर तिच्या नव्हे, प्राचीच्या अक्षरात होतं: गट २, नं. ४, डावा. निरोप घ्यावा तशी तिने ती वरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात धरली.

"...न् म्हशीच्या मागं," बाबा म्हणाले, आणि थांबले.

"मागं काय?"

"उजेड आला एकदम. पांढरा." मग म्हणाले, "कोन हाय हे?"

"कुठे? बाबा?"

"समोर उबं हाय कोन. मोठं. तोंड बांधलंय. हात निले हायेत."

प्राचीने लेबलांवरून मान वर केली. दिपिका फोनकडे वळली आणि बाटलीतला डोळा सावकाश फिरला. काळी-लाल बाहुली तिच्याकडे आली.

"हलवू नको गो," बाबा म्हणाले. कोणाला म्हणाले ते त्यांनाही कळलं नसावं. "घेरी येते."

"काकांना काय होतंय?" प्राचीने विचारलं. खालून गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. तिने ट्रे उचलला, त्यातल्या रिकाम्या खाचेकडे बघितलं आणि तळहात पुढे केला. "दे ती. माणूस थांबलाय."

दिपिकाने दिली नाही. काय करतोय हे कळायच्या आत तिने बाटली मुठीत घट्ट मिटून घेतली आणि मूठ पोटाशी धरली.

फोनवर गच्चीचा आवाज येत होता. कावळा ओरडला. आई काहीतरी बोलली. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"भामे," बाबा हाक मारत होते, "ए भामे. लायट गेली का गो?"